फ्रीजमधली सात वर्षं

नऊ तारखेला सकाळी साडेनऊ वाजता तेजल आवारे हिवरखिंडच्या मध्यवर्ती कारागृहासमोर गाडी लावून उभी राहिली. गाडीच्या टपावर ‘आवारे मोटर ड्रायव्हिंग स्कूल’ ही पाटी होती. मागच्या सीटवर भावासाठी इस्त्रीचा शर्ट, पँट आणि नवी चप्पल. चपलेचं माप सात वर्षांत बदललं असेल का, याची काळजी तिने रस्ताभर केली होती. शेवटी तिने स्वतःची समजूत काढली, की झोपलेल्या माणसाचे पाय वाढत नाहीत.

तुरुंगाधिकारी लोखंडे बाहेर आले ते एकटेच. हातात कागद.

“तुमचे बंधू अगदी छान आहेत,” ते म्हणाले.

“आज सुटका आहे ना दादाची?”

“तारखेप्रमाणे आज आहे. देहाप्रमाणे नाही.”

तेजलचा उजवा पाय जमिनीवर दाबला गेला. बारा वर्षं नवशिक्यांच्या शेजारी बसून बसून तिचा तो पाय असा झाला होता. संकट दिसलं की तो ब्रेक शोधायचा. बँकेत, लग्नात, दाताच्या डॉक्टरकडे, कुठेही.

कागदावर लिहिलं होतं: ‘बंदी सुयश आवारे यांना सात वर्षे सश्रम कारावासाची शिक्षा आहे. त्यांच्या देहाने त्यापैकी एक वर्ष तीन महिने भोगल्याचे रक्ततपासणीत आढळले. उर्वरित पाच वर्षे नऊ महिने शिल्लक असल्याने सुटका करता येत नाही. कळावे.’

“पण मी सात वर्षं भोगली की!” तेजल म्हणाली.

“तुम्ही भोगली असतील मॅडम,” लोखंडे सहानुभूतीने म्हणाले. “पण शिक्षा तुम्हाला नव्हती.”

सुयश निर्दोष वगैरे नव्हता. शिकायला यायचा कंटाळा असणाऱ्या दोनशे बारा लोकांना त्याने ‘उत्तम गाडी चालवतात’ अशी प्रमाणपत्रं दिली होती. त्यातल्या एकाने टेम्पो चहाच्या टपरीत घातला आणि तिथे बसलेला एक माणूस गेला. सुयशला सात वर्षांची शिक्षा झाली. त्या वेळी तो चौतीसचा होता आणि तेजल एकतीसची.

तेव्हा राज्यातल्या तुरुंगांत माणसं पाळीपाळीने झोपत होती, कारण सगळ्यांना एकदम आडवं व्हायला जागाच नव्हती. त्यावर शासनाने ‘राज्य बंदी विश्राम योजना’ आणली. भिंतीवर पोस्टर लागलं: ‘झोपा आणि सुटा’. आत शीतबराक नावाची लांबलचक खोली, खोलीत पेट्यांच्या चळती, पेटीत एकेक माणूस. कैदी तिला फ्रीज म्हणायचे.

योजनेमागचं विज्ञान बर्फाळ प्रदेशातल्या खारींकडून आणि मार्मटांकडून घेतलेलं होतं. हिवाळ्यात हे प्राणी आपलं शरीर जवळजवळ बंद करून ठेवतात. आपल्या मेंदूत शरीराचं तापमान सदतीसवर राखणारा एक चौकीदार बसलेला असतो. एका औषधाने त्याला गप्प केलं आणि अंगाखालच्या गादीतून गार पाणी खेळवलं, की माणसाचं अंग पंधरा अंशांवर येतं, छातीचे ठोके मिनिटाला सहावर येतात, आणि दिवसाला लागतं ते सलाईनमधून चमचाभर अन्न. हिला शीतनिद्रा म्हणतात, पण ही झोप नव्हेच. मेंदू इतका गारठतो की त्याला झोपायचंही त्राण उरत नाही. म्हणून खार दर दोन आठवड्यांनी अंग तापवते, नीट झोप काढते आणि पुन्हा गार पडते. सुयशलाही दर पंधरवड्याला पंधरा तास ऊब देऊन झोपवत होते. सात वर्षांत तो एकदाही जागा झाला नव्हता, आणि झोपलाही होता तो सगळा मिळून चार महिने.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पण आपल्या डीएनएवर मिथाइलचे बारीक ठिपके असतात. वय वाढतं तसे काही जागी ते चढतात, काही जागी उतरतात, आणि हे इतक्या शिस्तीत चालतं की रक्ताचा थेंब पाहून माणसाचं वय सांगता येतं. जन्मदाखला लागत नाही. थंडीत हे ठिपकेही थबकतात. शीतबराकीतल्या डॉक्टरांनी मोजलं, तर सात वर्षांत सुयशचा देह सव्वा वर्षाने म्हातारा झाला होता. डॉक्टरांनी आनंदाने अहवाल पाठवला. मंत्रालयातल्या कुणीतरी तो त्याहून आनंदाने वाचला.

“योजनेच्या कागदावर सही केली होती का भावाने?” ॲडव्होकेट नाझनीन मुजावर यांनी विचारलं. त्यांच्या टेबलावर फायलींच्या मधोमध शेंगदाण्याची वाटी होती आणि बोलताना त्या एकेक दाणा सोलत होत्या.

“केली होती.”

“वाचून?”

“दादाने आयुष्यात काही वाचून सही केलेली नाही मॅडम. त्याचसाठी तर आत गेला.”

“बंदी प्रत्यक्षीकरणाचा अर्ज करू,” मुजावर म्हणाल्या. “बेकायदा कोंडलेला माणूस कोर्टापुढे आणून उभा करायचा आणि कुठल्या अधिकाराने कोंडलाय ते कोंडणाऱ्याने सांगायचं. सगळ्यात जुना, सगळ्यात साधा अर्ज. कुणीही कुणासाठीही करू शकतं.”

“आणि हरलो तर?”

“तर पावणेसहा वर्षं. आणि तीही जागेपणी, कारण झोपलेली मोजायची नाहीत असं आता ठरलेलं असेल. फ्रीजमधले बाकीचे चारशे त्याच रांगेत.” त्यांनी वाटी पुढे केली. “घ्या.”

तेजलने घेतले नाहीत. तिचा पाय टेबलाखाली ब्रेक दाबत होता.

उच्च न्यायालयाने नोटीस काढली: बंद्याला समक्ष हजर करा. कारागृहाने हुकूम अक्षरशः पाळला. पेटी घेऊन मोठी गाडी आली. लिफ्टवर लिहिलं होतं ‘आठ माणसे’. पेटीचं वजन नऊ माणसांचं निघालं. दहा पोलिसांनी ती जिन्याने दुसऱ्या मजल्यावर चढवली. वळणावर ती तिरकी करावी लागली तेव्हा आतला सुयश काचेवर गाल टेकून तेजलकडे सरकला. सात वर्षांत तो तिच्या इतक्या जवळ पहिल्यांदाच आला होता.

शिपायाने दारात जाऊन रीतीप्रमाणे तीनदा पुकारा केला, “सुयश आवारे हाजीर हो!” पेटी गुरगुरत राहिली.

“हजर आहेत,” लोखंडे म्हणाले. “झोपलेत.”

खंडपीठावर न्यायमूर्ती हेरेकर या बाई होत्या आणि त्यांच्या शेजारी न्यायमूर्ती तळवलकर. बोलायच्या त्या हेरेकर. तळवलकरांचा आवाज बारमधल्या जुन्या वकिलांनीही ऐकलेला नव्हता.

“याला हजर म्हणायचं?” हेरेकरांनी चष्म्यावरून विचारलं.

सरकारी वकील डोंगरदिवे उभे राहिले. गोरे, घामाघूम, मनाने चांगले गृहस्थ. “मायलेडी, अर्जात देह मागितलाय. शासनाने देह सादर केलाय. सुस्थितीत आहे. आमचं म्हणणं तेवढंच आहे, की शिक्षा देहाला होते. देहाने भोगली नसेल, तर ती झाली नाही.”

“पोस्टरवर ‘झोपा आणि सुटा’ लिहिलं होतं ना?”

“कधी सुटा, ते लिहिलं नव्हतं मायलेडी.”

पेटीची बॅटरी चाळीस मिनिटांची होती आणि पस्तीस झाली होती. न्यायालयाने घाईने हुकूम दिला: बंद्याला जागं करा, निकालापर्यंत साध्या बराकीत ठेवा.

आठवड्याने मुलाखतीच्या काचेपलीकडे सुयश येऊन बसला. फोन उचलला. गाल भरलेले, मिशी काळीभोर.

“तेजू, केस काय हे? एवढे पांढरे?”

“तुझे काळेच राहिले, दादा.”

“लाल गाडीची क्लचप्लेट बदल म्हणालो होतो. बदललीस का?”

“ती गाडी भंगारात जाऊन पाच वर्षं झाली.”

“मला न विचारता?” तो खरोखरच चिडला. मग फोन दुसऱ्या कानाला लावून म्हणाला, “आई नाही आली?”

हे सांगायला कुणीतरी आपल्या आधी गेलं असेल, अशी तिची समजूत होती. कुणी गेलं नव्हतं. पेटीत बातमी पोचवायची सोय नियमात नव्हती.

“आई जाऊन चार वर्षं झाली, दादा.”

तो फोन हातात धरून रडायला लागला. तेजलचं रडून चार वर्षं झाली होती, त्याचं आत्ता सुरू झालं. दोघांचं दुःखसुद्धा एका वयाचं राहिलं नव्हतं. तिला त्याच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला. धाकट्याच्या फिरवतात तसा.

वेळ संपत आल्यावर तो म्हणाला, “शेजारी मेंगाळकाका आहेत. त्यांच्यामुळे रात्री निघतात. शेताच्या बांधावरून भांडण झालं, हातून माणूस गेला, दहा वर्षांची शिक्षा झाली. त्यांना मी आजोबा म्हणत होतो, पाठ चेपून देत होतो. काल कळलं, बावन्नचे आहेत. इथे सगळेच असे दिसतात गं. मी एकटाच कॉलेजातून आल्यासारखा.”

तेजलने हे मुजावरना गाडीतूनच फोन करून सांगितलं, भावाचे कसे हाल आहेत म्हणून. पलीकडे दाणे सोलायचा आवाज थांबला.

“परत बोला. बावन्नचे आहेत आणि सत्तरचे दिसतात?”

“हो.”

“शीतबराकीच्या डॉक्टरांनी तुलनेसाठी जाग्या कैद्यांचं रक्त घेतलेलंच असणार. त्या मेंगाळांना विचारा, आपल्या रक्ताचा अहवाल मागतील का? ज्याचं रक्त त्याला तो मिळतो.”

काशीराम मेंगाळांनी अर्जावर अंगठा दिला. कशासाठी, ते त्यांनी सुयशला विचारलं. सुयश म्हणाला, तुम्हीही सुटाल काका. हे सांगायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. प्रमाणपत्र द्यायची त्याची जुनीच सवय.

पुढच्या तारखेला मुजावर शांतपणे उभ्या राहिल्या. “शासनाचं म्हणणं घटकाभर मान्य करू. शिक्षा देह भोगतो. मग हा कागद पाहावा. काशीराम मेंगाळ, शिक्षा दहा वर्षं. कॅलेंडरने झाली साडेसात. अपुरी झोप, शिळं अन्न, डोक्याला घोर, तीनपट गर्दी. शासनाच्याच यंत्राने मोजलेला देह या साडेसात वर्षांत साडेअकरा वर्षांनी म्हातारा झालाय. म्हणजे यांची शिक्षा भोगून वर दीड वर्ष झालं. ते आज बेकायदा आत आहेत. असे राज्यात किती, ते शासनाने मोजून सांगावं.”

डोंगरदिव्यांनी कागद पालथा करून पाहिला, मागे काही बरं लिहिलंय का म्हणून.

“सोमवारपर्यंत यादी,” हेरेकर म्हणाल्या.

यादी शुक्रवारीच तयार झाली असावी, कारण शुक्रवारी दुपारी डोंगरदिव्यांनी तेजलला कोर्टाच्या कँटीनमध्ये गाठलं. मुजावर सोबत होत्या.

“चार हजार तीनशे,” ते कुजबुजले आणि कपातला चहा बशीत सांडला. “सोमवारी असं काही झालं तर चार हजार तीनशे माणसं बाहेर. ताई, तुम्ही अर्ज मागे घ्या. तुमच्या भावाला विशेष माफी देतो. आज संध्याकाळी पाचला घरी.”

“आणि बाकीचे?”

“बाकीचे तुमचे कोण?”

मुजावर आपला चहा ढवळत राहिल्या. अशिलाचा निर्णय अशिलाने घ्यायचा असतो, आणि त्यांना तो रीतसर घेऊ द्यायची वाईट खोड होती. तेजल उठून कँटीनच्या तीन फेऱ्या मारून आली. मग तिने कारागृहाच्या व्हिडिओ कॉलवर भावाला गाठलं.

“घे ना!” सुयश पडद्यात घुसायच्या बेतात होता. “विचारतेस काय? एका सहीचं काम आहे.”

“मेंगाळकाकांना तू काय सांगितलंयस?”

“सांगितलं काहीतरी. तेजू, हरलीस तर पावणेसहा वर्षं मी इथे! मी त्यांच्यासारखा होईन. हे बघ, मी तुझा मोठा भाऊ आहे, मी सांगतोय...”

“मोठी मी आहे,” तेजल म्हणाली. “तू सव्वापस्तीसचा, मी अडतीसची. सरकारी प्रयोगशाळेचा कागद आहे माझ्याकडे.”

“म्हणून मला आत ठेवणार?”

“एका सहीच्या कामाने एकदा एक माणूस गेलाय, दादा.”

पडदा काळा झाला. त्याने कापला की नेट गेलं, ते कळलं नाही. तिने डोंगरदिव्यांना नाही म्हणून सांगितलं. ते सांगताना आवाज शांत होता, पण पाय इतका जोरात दाबला गेला की टेबल हललं आणि उरलेला चहाही सांडला.

शनिवार-रविवार ती शिकवायला गेली. एका नवशिक्या आजोबांना तिने दोन तासांत चौदा वेळा विनाकारण थांबवलं. शेवटी तेच म्हणाले, “बाई, मी चालवतो बरी, तुम्ही घरी जा.”

सोमवारी कोर्टात उभं राहायला जागा नव्हती. यादीतल्यांचे नातेवाईक आले होते, डबे घेऊन, कुणी कुणी इस्त्रीचे कपडे घेऊन. डोंगरदिवे उभे राहिले. आज त्यांना घाम नव्हता.

“मायलेडी, शासनाने फेरविचार केला. वर्ष म्हणजे कॅलेंडरचं वर्ष. झोपलेलं असो, जागं असो. देहाचा मुद्दा आम्ही मागे घेतो. अर्जदार ताईंची मागणी शासनाला पूर्णपणे मान्य आहे.”

मुजावर ताडकन उभ्या राहिल्या.

“आपली हरकत आहे?” हेरेकरांनी विचारलं. त्यांनाही ते विचारताना बरं वाटत नसावं. “आपलीच मागणी मान्य करायला?”

“ज्यांचे देह जास्त...” मुजावर म्हणाल्या.

“देहाचा मुद्दा आता कुणाचाच नाही. अर्जात सुयश आवारे यांची कॅलेंडरप्रमाणे सुटका मागितली होती. ती मिळाली. वर्ष म्हणजे कॅलेंडरचं वर्ष, राज्यभर. अर्ज निकाली.”

तेव्हा न्यायमूर्ती तळवलकर पुढे झुकले. सगळं कोर्ट श्वास धरून बसलं.

“अभिनंदन,” ते म्हणाले.

डबेवाल्या बायकांना आपण जिंकलो की हरलो, हे बराच वेळ कळेना. एकीने तेजललाच विचारलं. तेजल जिन्याकडे पळाली.

“मेंगाळकाकांसाठी नवा अर्ज करा,” ती जिन्यात मुजावरना म्हणाली. “मी करते. कुणीही करू शकतं म्हणालात.”

“करू शकतं. पण त्यावर उत्तर म्हणून ते हाच निकाल दाखवतील. त्यावर नाव तुमचं आहे.” मुजावर एका पायरीवर बसल्या. “फ्रीजमधले चारशे सुटतील, हे लक्षात ठेवा. वाईट निकाल नाही हा. फक्त आपल्याला हवा होता तोच आहे.”

सुयश पाचला नाही, सातला सुटला. चप्पल मापाची निघाली. गाडी मीच चालवणार म्हणून त्याने हट्ट धरला, आणि मग त्याचंच लायसन संपलेलं असल्याचं कळलं, कॅलेंडरप्रमाणे. तेजलने गाडी घरी आणली. आईच्या खोलीच्या दारापाशी तो थांबला. आत तेजलने क्लासचं ऑफिस केलं होतं.

“तू हो म्हणाली असतीस तरी सुटलोच असतो,” तो म्हणाला.

“हो.”

“नाही म्हणालीस तरी सुटलो.”

“हो.”

“मग माझे तीन दिवस का घेतलेस?” त्याने उत्तराची वाट बघितली नाही. आईच्या खोलीत जाऊन त्याने टेबल भिंतीकडे सरकवलं आणि पूर्वी जिथे पलंग होता तिथे जमिनीवर आडवा झाला.

बुधवारी तेजल हिवरखिंडला गेली. मेंगाळकाकांना तोंड दाखवायचं होतं. सुयश गाडीतच बसून राहिला. येतो म्हणाला होता, पण फाटक दिसल्यावर त्याला सीटबेल्ट सोडता येईना.

आत खिडकीपाशी लोखंडे कागदांच्या डोंगरामागे दिसेनासे झाले होते. “आपल्या निकालाचा प्रसाद मॅडम. कॅलेंडर चालू, देह बंद. उठतील तेव्हा शिक्षा संपलेली आणि वय तेवढंच. अख्ख्या जेलला फ्रीजमध्ये जायचंय. दोन हजार अर्ज. कालपासून भांडतायत, आधी कोण झोपणार म्हणून.”

काचेपलीकडे काशीराम मेंगाळ बसले होते. तेजलने त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. दादा बरोबर म्हणाला होता, आजोबाच.

“काका, मला माफ करा,” तिने फोनमध्ये म्हटलं. “तुमच्या कागदावर माझा भाऊ सुटला, आणि तुमचं...”

“अडीच वर्षं तशीही होतीच,” ते म्हणाले. “तुझ्या भावाने मध्ये चार दिवस कमी केली होती, तेवढीच परत आली. पोरगा बरा आहे. पाठ चांगली चेपतो.” त्यांनी शाईचा अंगठा काचेला लावून दाखवला. “मीपण अंगठा दिलाय झोपायला. माझा नंबर वर लावलाय, वय बघून.”

“कुठलं वय?”

“जे दिसतं ते.” ते हसले. तोंडात चारच दात होते. “एकच अडचण आहे. उठवताना आता घरचं माणूस समोर लागतं म्हणतात. नसेल त्याला मागे ठेवतात, सवड झाली की उठवतात. सवड इथे कुणाला असते? माझं कुणी येणारं नाही. बायको गेली, गाव लांब.”

लोखंडेंनी खिडकीतून फॉर्म सरकवला होताच. वर ‘जागे करतेवेळी उपस्थित राहणारी व्यक्ती’. तेजलने नाव लिहिलं, पत्ता लिहिला, फोन लिहिला, ड्रायव्हिंग स्कूलचाही लिहिला. अडीच वर्षांनंतरची तारीख लिहिली.

“नातं राहिलं,” लोखंडे म्हणाले. “त्याशिवाय घेता येत नाही.”

तेजलने फोन पुन्हा उचलला. “काका, नातं काय लिहू?”

मेंगाळकाकांनी काचेतून फॉर्मकडे पाहिलं. वाचता येत नव्हतं, तरी बराच वेळ पाहिलं.

“जे लिहिलं की माणूस वेळेवर येतं,” ते म्हणाले, “ते लिही.”

तिने ‘मुलगी’ लिहिलं आणि शाई वाळायच्या आत फॉर्म खिडकीतून आत ढकलला.